परत येणारे अग्निबाण आणि अवकाश वाहतुकीचा व्यवसाय

समजा, नागपूरहून निघालेली एस.टी. पुण्याला पोहोचली, प्रवासी खाली उतरले आणि ती गाडी तेथेच भंगारात काढली गेली. दुसऱ्या दिवशीच्या फेरीसाठी महामंडळाने पुन्हा कोरी करकरीत गाडी विकत घेतली. असे रोज होऊ लागले तर तिकिटाचा दर काय राहील? सामान्य माणूस त्या गाडीत कधी पाय तरी ठेवू शकेल काय?

हे उदाहरण वाचून हसू येईल. परंतु ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, तेव्हापासून पुढे जवळजवळ साठ वर्षे जगातील अवकाश वाहतूक बहुतांशी याच पद्धतीने चालली. प्रत्येक उपग्रहामागे कोट्यवधी रुपयांचा एक नवा अग्निबाण बांधायचा, तो काही मिनिटे वापरायचा आणि समुद्रात बुडू द्यायचा किंवा वातावरणात जळू द्यायचा, असा हा मामला होता. गेल्या दहा वर्षांत मात्र चित्र बदलले आहे. आकाशात गेलेला अग्निबाण परत येऊन स्वतःच्या पायांवर उभा राहताना आपण दूरदर्शनच्या पडद्यावर पाहतो. हे कसे घडते, त्यामुळे खर्च खरोखर किती वाचतो आणि या बदलात आपला देश कोठे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थी मित्रांना व सर्वसाधारण वाचकांना समजतील अशा भाषेत देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अग्निबाण एवढा मोठा का लागतो?

उपग्रहाला केवळ उंच नेऊन भागत नाही. त्याला पृथ्वीभोवती फिरत ठेवायचे असेल तर सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर, म्हणजेच ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर एवढा आडवा वेग द्यावा लागतो. हा वेग मिळाला नाही तर फेकलेल्या दगडाप्रमाणे तो पुन्हा जमिनीवर येतो.

हा वेग देण्याचे काम न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने होते. इंजिनातून तप्त वायू खाली फेकला जातो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अग्निबाण वर जातो. विमानाला इंधन जाळण्यासाठी लागणारा प्राणवायू भोवतालच्या हवेतून मिळतो. अवकाशात हवा नाही. त्यामुळे अग्निबाणाला इंधनाबरोबर प्राणवायूही टाकीत भरून न्यावा लागतो. म्हणजे इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन लागते, आणि ते नेण्यासाठी आणखी. कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की या रशियातील एका शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाने १९०३ साली हा संबंध गणिताने मांडला. त्याचे समीकरण आजही प्रत्येक अग्निबाणाच्या आराखड्याचा पाया आहे.

त्या समीकरणाचा परिणाम पाहा. अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीच्या ‘फाल्कन ९’ या अग्निबाणाचे उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे ५४९ टन असते. त्याची सगळी शक्ती वापरली तरी पृथ्वीजवळच्या कक्षेत तो जास्तीत जास्त २२.८ टन माल नेतो. शंभर किलोमागे फक्त चार किलो! बाकीचे बहुतेक वजन इंधनाचे व प्राणवायूचे असते. रिकाम्या टाक्यांचे ओझे शेवटपर्यंत वाहू नये म्हणून अग्निबाण दोन, तीन किंवा चार टप्प्यांचा केलेला असतो. खालच्या टप्प्यातील इंधन संपले की तो टप्पा गळून पडतो आणि वरचा टप्पा पेट घेतो.

आता हा टप्पा परत आणायचा असेल तर त्याला पाय लावावे लागतील, दिशा देणारे पंख लावावे लागतील आणि उतरण्यासाठी थोडे इंधन शिल्लक ठेवावे लागेल. हे सर्व वजन मालाच्या वाट्यातून कमी होणार. हातात चारच किलो असताना त्यातून आणखी काही द्यायचे म्हणजे जिवावर येणारच. म्हणून ‘वापरा आणि टाकून द्या’ हाच मार्ग अभियंत्यांना दीर्घकाळ शहाणपणाचा वाटत आला. त्यांना अक्कल नव्हती असे कोणी समजू नये.

स्पेस शटलचा धडा

पुन्हा वापरता येईल असे यान बांधण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने केला. ते म्हणजे स्पेस शटल. १२ एप्रिल १९८१ रोजी ‘कोलंबिया’ हे शटल प्रथम उडाले. ते अग्निबाणासारखे उभे उडत असे व विमानासारखे धावपट्टीवर उतरत असे. दोन्ही बाजूंचे घन इंधनाचे अग्निबाण हवाई छत्र्यांच्या साहाय्याने समुद्रात उतरत. ते उचलून आणून पुन्हा भरले जात. फक्त मधली मोठी इंधन टाकी प्रत्येक वेळी नष्ट होई.

शटल वर्षाला पन्नास-साठ फेऱ्या करील व त्यामुळे अवकाश प्रवास स्वस्त होईल, अशी अपेक्षा १९७० च्या दशकात व्यक्त केली जात होती. प्रत्यक्षात सर्वांत चांगल्या वर्षी, म्हणजे १९८५ साली, नऊ उड्डाणे झाली. तीस वर्षांत एकूण उड्डाणे झाली १३५. कार्यक्रमाचा सर्व खर्च या उड्डाणांवर वाटला तर एका उड्डाणाला सरासरी सुमारे दीड अब्ज डॉलर पडले. टाकून देण्याच्या अग्निबाणापेक्षाही परत येणारे यान महाग ठरले!

याचे कारण काय? शटल परत येताना हवेच्या घर्षणाने व दाबाने तापून निघे. त्याला वाचवण्यासाठी अंगावर चोवीस हजारांहून अधिक उष्णतारोधक फरश्या बसवलेल्या असत. जवळजवळ प्रत्येक फरशीचा आकार वेगळा. प्रत्येक उड्डाणानंतर त्या तपासाव्या लागत. मुख्य इंजिने काढून तपासावी लागत. दोन उड्डाणांच्या मधली ही तयारी कित्येक आठवडे, बहुधा महिने चाले आणि त्यासाठी हजारो माणसे राबत. त्यातच २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ व १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ ही दोन शटल नष्ट होऊन चौदा अंतराळवीरांचा अंत झाला. कोलंबियाच्या त्या अखेरच्या प्रवासात हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेली कल्पना चावला होती, हे आपल्याला ठाऊक आहेच. जुलै २०११ मध्ये शटल कायमचे निवृत्त झाले.

या इतिहासातून एक धडा मिळाला. यान परत आले म्हणजे ते स्वस्त झाले असे होत नाही. ते परत आल्यावर पुन्हा उडवण्यासाठी किती खर्च व किती वेळ लागतो, यावर सर्व काही अवलंबून असते.

साधे गणित

हा मुद्दा नीट समजण्यासाठी एक काल्पनिक हिशोब करू. पुढील आकडे कोणत्याही कंपनीचे नाहीत. केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

एका अग्निबाणाच्या उड्डाणाला १०० कोटी रुपये लागतात असे धरा. त्यापैकी पहिल्या टप्प्याचे ६० कोटी, दुसऱ्या टप्प्याचे २० कोटी आणि प्रक्षेपण तळ, इंधन, कर्मचारी वगैरेंचे २० कोटी. सर्व टाकून दिले तर दर उड्डाणाला १०० कोटी लागतील.

आता पहिला टप्पा परत आणून दहा वेळा वापरला आणि दर खेपेच्या दुरुस्तीला ६ कोटी लागले असे समजा. ६० कोटी दहा उड्डाणांवर वाटले तर ६ कोटी, दुरुस्ती ६ कोटी, दुसरा टप्पा २० आणि इतर २०. एकूण ५२ कोटी. खर्च जवळजवळ निम्मा झाला.

तोच टप्पा वीस वेळा वापरला तर? ६० कोटींचा वाटा ३ कोटींवर येईल आणि एकूण खर्च ४९ कोटी होईल. म्हणजे आणखी दहा वेळा वापरूनही दर उड्डाणामागे केवळ तीन कोटीच वाचले. यापुढे बचत करायची असेल तर दुसरा टप्पाही परत आणला पाहिजे.

आता दुरुस्तीचा खर्च ६ ऐवजी ५० कोटी धरा. दहा वेळा वापरूनही एकूण खर्च ९६ कोटी होतो. सगळी मेहनत पाण्यात! शटलचे दुखणे हेच होते.

शिवाय उतरण्यासाठी इंधन राखून ठेवल्यामुळे माल सुमारे पाव भाग कमी जातो असे मानले, तर ५२ कोटींत पूर्वीच्या तीन चतुर्थांश मालच जाईल. म्हणजे तेवढाच माल नेण्याचा खरा खर्च सुमारे ६९ कोटी झाला. बचत आहे, पण वर्तमानपत्रांतील मथळे वाचून वाटते तेवढी नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कारखाना, प्रक्षेपण तळ आणि कुशल कामगार यांचा खर्च वर्षभर चालूच राहतो. वर्षाला दोन-चारच उड्डाणे असतील तर एक टप्पा सर्वांना पुरेल आणि कारखाना बसून राहील. म्हणून पुन्हा वापराचा लाभ त्यालाच होतो ज्याच्याकडे भरपूर फेऱ्या आहेत. एस.टी.चेही तसेच आहे. गाडी कितीही चांगली असली तरी प्रवासी नसतील तर फेरी तोट्यात जाते.

उभा उतरणारा अग्निबाण

पंखांशिवाय, इंजिनाच्याच जोरावर अग्निबाण उभा उतरवता येईल काय, हे तपासण्यासाठी अमेरिकेतील मॅकडोनेल डग्लस कंपनीने ‘डीसी-एक्स’ नावाचे छोटे यान बनवले. १९९३ साली न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ते थोडे वर जाऊन, बाजूला सरकून पुन्हा जमिनीवर उभे उतरले. १९९६ साली उतरताना त्याचा एक पाय उघडलाच नाही. यान कलंडले व जळून गेले. त्या प्रयोगाला पुढे पैसा मिळाला नाही, परंतु कल्पना शक्य आहे हे सिद्ध झाले होते.

२००२ साली इलॉन मस्क यांनी स्पेसएक्स कंपनी काढली. तिच्या ‘फाल्कन १’ या लहान अग्निबाणाची २००६, २००७ व २००८ मधील पहिली तीन उड्डाणे फसली. २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथे उड्डाण यशस्वी झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये नासाने या कंपनीला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर सामान नेण्याचे सुमारे १.६ अब्ज डॉलरचे काम दिले. येथे एक सत्य ध्यानात ठेवावे. खाजगी उद्योगाच्या या यशामागे सरकारी संस्थेने दिलेले काम, सरकारी प्रक्षेपण तळ आणि सरकारी प्रयोगशाळांत अनेक दशके साठलेले ज्ञान यांचा मोठा आधार होता. हे यश कोणा एका माणसाच्या हिमतीने उभे राहिले असे म्हणणे अपुरे आहे.

२१ डिसेंबर २०१५ रोजी फाल्कन ९ चा पहिला टप्पा उपग्रहांना मार्गी लावून फ्लोरिडातील केप कॅनव्हेरल येथे जमिनीवर उभा उतरला. ८ एप्रिल २०१६ रोजी असाच एक टप्पा समुद्रातील जहाजावर उतरला. ३० मार्च २०१७ रोजी एकदा वापरलेला टप्पा दुसऱ्यांदा उडाला. मे २०२० मध्ये याच अग्निबाणाने माणसे अवकाश स्थानकाकडे नेली. २०२४ या एका वर्षात फाल्कनची १३० हून अधिक उड्डाणे झाली आणि २०२५ साली एका टप्प्याने तिसाव्या उड्डाणाची मजल गाठली. शटलने तीस वर्षांत केलेली उड्डाणे आता एका वर्षात होऊ लागली.

तो उतरतो कसा?

उड्डाणानंतर सुमारे अडीच मिनिटांनी पहिला टप्पा वेगळा होतो. त्या वेळी तो साठ-सत्तर किलोमीटर उंचीवर असतो आणि त्याचा वेग ताशी सुमारे ८ हजार किलोमीटर असतो. तेथून पुढे क्रमाने अशा गोष्टी घडतात :

१) लहान नळ्यांतून थंड वायूचे झोत सोडून टप्पा उलट फिरवला जातो. जमिनीवर परत यायचे असल्यास काही इंजिने पेटवून तो मागे वळवला जातो. जहाजावर उतरायचे असल्यास तो त्याच दिशेने पुढे जात राहतो.

२) दाट वातावरणात शिरताना नऊपैकी तीन इंजिने पुन्हा पेटवून वेग कमी केला जातो. त्यामुळे टप्पा जळण्यापासून वाचतो.

३) वरच्या टोकाला असलेले जाळीच्या आकाराचे चार पंख उघडतात. ते टायटॅनियम धातूचे असतात. ते थोडे थोडे फिरवून संगणक टप्प्याला नेमक्या जागेकडे नेतो.

४) अखेरच्या काही सेकंदांत इंजिन पेटते, चार पाय उघडतात आणि टप्पा उभा राहतो. उड्डाणापासून उतरण्यापर्यंत सारा खेळ आठ-साडेआठ मिनिटांचा.

यातील चौथी पायरी सर्वांत अवघड. टाक्या जवळजवळ रिकाम्या झाल्यामुळे टप्पा इतका हलका झालेला असतो की, एक इंजिन कमीत कमी जोरात चालवले तरी त्याची शक्ती टप्प्याच्या वजनापेक्षा जास्त भरते. म्हणून तो हेलिकॉप्टरप्रमाणे हवेत थांबून सावकाश उतरू शकत नाही. इंजिन अशा क्षणी पेटवावे लागते की वेग शून्य होणे आणि पाय जमिनीला लागणे एकाच वेळी घडेल. इंजिन लवकर पेटले तर टप्पा पुन्हा वर जाऊ लागेल, उशिरा पेटले तर आपटेल.

मग दुसरा टप्पा का परत येत नाही? तो ताशी २८ हजार किलोमीटर वेगाने जात असतो, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या साडेतीनपट वेगाने. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत आपण शिकतो. साडेतीनचा वर्ग सुमारे बारा. म्हणजे प्रत्येक किलोमागे बारापट ऊर्जा जिरवावी लागणार. त्यासाठी उष्णतेचे कवच हवे, आणि कवच म्हणजे पुन्हा वजन. फाल्कनचा दुसरा टप्पा म्हणूनच टाकून दिला जातो.

दोन्ही टप्पे परत आणण्याचा प्रयत्न स्पेसएक्सने ‘स्टारशिप’ या प्रचंड अग्निबाणात चालवला आहे. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचा खालचा टप्पा मनोऱ्याच्या दोन यांत्रिक हातांनी हवेतच पकडला. जानेवारी व मार्च २०२५ मध्ये मात्र वरचा टप्पा उड्डाणातच फुटला आणि त्याचे जळते तुकडे कॅरिबियन समुद्राच्या परिसरात पडले. विमानांना मार्ग बदलावे लागले. त्याच वर्षीच्या ऑगस्ट व ऑक्टोबरमधील चाचण्या यशस्वी झाल्या. तरी २०२५ अखेरपर्यंत हे यान चाचणीच्या पायरीवरच होते.

स्वस्त झाले, पण कोणासाठी?

येथे खर्च आणि किंमत यांतला फरक समजून घेतला पाहिजे. पुन्हा वापरामुळे कंपनीचा खर्च पुष्कळ उतरला. पण फाल्कन ९ ची जाहीर किंमत २०१६ च्या सुमारास ६ कोटी २० लाख डॉलर होती, ती २०२४ पर्यंत ७ कोटी डॉलरच्या घरात गेली. स्पर्धक नसेल तर दुकानदार भाव कशाला उतरवील? वाचलेला पैसा कंपनीने ‘स्टारलिंक’ या आपल्या इंटरनेट उपग्रहांच्या जाळ्यात व स्टारशिपमध्ये घातला. फाल्कनच्या बहुसंख्य फेऱ्या स्वतःच्याच उपग्रहांसाठी होतात. वर सांगितलेला ‘भरपूर फेऱ्यां’चा प्रश्न कंपनीने असा सोडवला : बाहेर गिऱ्हाईक पुरेसे नव्हते, म्हणून स्वतःच स्वतःचे गिऱ्हाईक झाली.

लहान उपग्रहांना मात्र खरा लाभ झाला. अनेकांचे उपग्रह एकाच फेरीत नेण्याची योजना कंपनीने २०१९ साली जाहीर केली. तिचा दर त्या वेळी २०० किलोला १० लाख डॉलर, म्हणजे किलोला ५ हजार डॉलर होता. यामुळे विद्यापीठे, लहान देश व नव्या कंपन्या यांना अवकाशाचे दार उघडले.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एकट्या स्टारलिंकचे आठ हजारांहून अधिक उपग्रह २०२५ अखेर आकाशात होते. पृथ्वीजवळच्या कक्षांत गर्दी वाढली, टकरीचा धोका वाढला आणि रात्रीच्या आकाशाचे निरीक्षण करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांच्या छायाचित्रांत या उपग्रहांचे पांढरे पट्टे उमटू लागले. आकाश सर्व मानवजातीचे आहे असे १९६७ चा आंतरराष्ट्रीय अवकाश करार सांगतो. परंतु तेथे जाण्याचे वाहन एकाच कंपनीच्या हाती राहिले तर त्या तत्त्वाला व्यवहारात किती अर्थ उरेल, याचा विचार व्हावा.

युरोपला याचा अनुभव आला. २०१४ साली युरोपीय देशांनी ‘एरियन ६’ हा नवा अग्निबाण जुन्याच, टाकून देण्याच्या पद्धतीने बांधण्याचे ठरवले. तो तयार होण्यास उशीर झाला, जुना ‘एरियन ५’ जुलै २०२३ मध्ये निवृत्त झाला आणि युक्रेन युद्धामुळे रशियाचे अग्निबाण मिळेनासे झाले. परिणामी ‘युक्लिड’ ही आपली मौल्यवान दुर्बीण व दिशादर्शन करणारे ‘गॅलिलिओ’ उपग्रह युरोपला अमेरिकेच्या फाल्कन ९ वरून पाठवावे लागले.

आता स्पर्धा सुरू झाली आहे. ब्लू ओरिजिन या अमेरिकी कंपनीच्या ‘न्यू ग्लेन’ अग्निबाणाचा पहिला टप्पा १३ नोव्हेंबर २०२५ रोजी समुद्रातील जहाजावर उतरला. चीनमधील ‘झुक्यू ३’ हा अग्निबाण डिसेंबर २०२५ मध्ये कक्षेत पोहोचला, परंतु त्याचा पहिला टप्पा उतरताना नष्ट झाला. स्पेसएक्सचेही सुरुवातीचे अनेक टप्पे असेच आपटले होते.

भारत कोठे आहे?

आपल्या ‘इस्रो’ने १५ फेब्रुवारी २०१७ रोजी पीएसएलव्ही अग्निबाणातून एकाच वेळी १०४ उपग्रह सोडले. त्यांतील १०१ परदेशी होते. हा विक्रम २४ जानेवारी २०२१ रोजी मोडला. तो मोडला फाल्कन ९ ने, वर सांगितलेल्या सामायिक फेरीत १४३ उपग्रह नेऊन. ज्या बाजारात आपण स्वस्ताईसाठी ओळखले जात होतो, त्याच बाजारात परत येणारा अग्निबाण उतरला होता.

पुढे १९ नोव्हेंबर २०२४ रोजी आपला ४,७०० किलो वजनाचा ‘जीसॅट-एन २’ हा दळणवळण उपग्रह फ्लोरिडाहून फाल्कन ९ ने गेला, कारण एवढे वजन त्या कक्षेकडे नेणे आपल्या ‘एलव्हीएम ३’च्या ताकदीबाहेर होते. २५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकाकडे निघाले तेही फाल्कन ९ वरूनच, आणि त्याचा पहिला टप्पा आधी एकदा उडून आलेला होता.

भारत स्वस्थ बसला होता असे मात्र नाही. जानेवारी २००७ मध्ये इस्रोने ५५० किलोची एक कुपी कक्षेत पाठवून बारा दिवसांनी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवली. २३ मे २०१६ रोजी पंख असलेले एक लहान यान श्रीहरिकोट्याहून सुमारे ६५ किलोमीटर उंच जाऊन, ध्वनीच्या पाचपट वेगाने वातावरणात परत आले. पुढे कर्नाटकातील चित्रदुर्ग येथे २ एप्रिल २०२३, २२ मार्च २०२४ आणि २३ जून २०२४ रोजी असे यान हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडले. चालकाशिवाय ते स्वतः मार्ग शोधत धावपट्टीवर उतरले. उतरतानाचा त्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर होता. प्रवासी विमानाचा तो सुमारे २६० असतो.

१८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ८,२४० कोटी रुपयांच्या नव्या अग्निबाणाला मंजुरी दिली. त्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारा असेल व तो पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० टन माल नेईल. एलव्हीएम ३ च्या तिप्पट माल दीडपट खर्चात, असे सरकारने सांगितले आहे. त्यासाठी आठ वर्षांची मुदत ठरली आहे.

२०२० साली हे क्षेत्र खाजगी उद्योगांना खुले झाले. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा ‘विक्रम-एस’ १८ नोव्हेंबर २०२२ रोजी आणि चेन्नईच्या अग्निकुल कंपनीचा, एकसंध छापील इंजिन असलेला छोटा अग्निबाण ३० मे २०२४ रोजी उडाला. आपल्या महाराष्ट्राचाही यात हातभार आहे. इस्रोची ‘विकास’ इंजिने मुंबईच्या विक्रोळीतील गोदरेजच्या कारखान्यात बनतात. पीएसएलव्हीच्या घन इंधन टप्प्याची पोलादी कवचे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरला तयार होतात. स्कायरूटच्या घन इंधन इंजिनाच्या चाचण्या नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात झाल्या.

आपल्यापुढचा खरा प्रश्न तंत्राइतकाच फेऱ्यांचा आहे. वर्षाला पाच-सात उड्डाणे करून परत येणारा अग्निबाण परवडत नाही, हे वरच्या हिशोबावरून दिसते. नवा अग्निबाण तयार होईपर्यंत त्याला पुरेल एवढे काम देशातच निर्माण झाले पाहिजे. शेती, हवामान, दूरशिक्षण, खेड्यापाड्यांतील दळणवळण आणि संरक्षण यांसाठी लागणारे उपग्रह आपलेच हवेत. नाहीतर अग्निबाण परत येईल, पण त्याला पुन्हा न्यायला माल नसेल.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. जोपर्यंत अग्निबाण टाकून दिला जात होता, तोपर्यंत त्यात बांधणाऱ्याचे काम होते, दुरुस्ती करणाऱ्याचे नव्हते. परत आलेल्या इंजिनाला मात्र तपासावे लागते. धातूच्या आत केसाएवढी भेग आहे काय, हे क्ष-किरणांनी आणि ध्वनिलहरींनी पाहावे लागते. झिजलेली झडप बदलावी लागते, सांधा पुन्हा जोडावा लागतो आणि ‘हे पुन्हा उडेल’ असे सही करून सांगावे लागते. त्या सहीवर कोट्यवधी रुपये व कधी माणसांचे प्राण अवलंबून असतात. शटलचा पराभव दुरुस्तीच्या खर्चात झाला आणि फाल्कनचा विजयही दुरुस्तीच्या खर्चातच झाला, हे आपण पाहिले.

तेव्हा अवकाश विज्ञान म्हणजे फक्त आय.आय.टी.तल्या मोजक्या मुलांचे क्षेत्र आहे, असे मनात आणू नका. वेल्डिंग, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक्स असे आय.टी.आय.चे विषय, यंत्र अभियांत्रिकीची पदविका, भौतिकशास्त्राची व धातुशास्त्राची पदवी, संगणकाचा कार्यक्रम लिहिण्याचे कौशल्य या सर्वांना येथे काम आहे. गणित पक्के करा, हाताला सवय लावा, आणि वर्कशॉपच्या तासाला कमी लेखू नका. आपल्या देशाचा अग्निबाण जेव्हा परत येऊन उभा राहील, तेव्हा त्याला पुन्हा उडवण्यासाठी त्याच्याजवळ जाणाऱ्या पहिल्या माणसांत तुमच्यापैकी कोणी तरी असावे.